तव्यावरून थेट पानात

"नशीबवान आहेस बघ वहिनी! सून मुकी मिळाली. शेवटच्या पंक्तीत काय उरलं, तेसुद्धा विचारणार नाही!"

हे आत्याबाईंचं वाक्य. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. राहतात याच कानडी शहरात, जयलक्ष्मीपुरमला, पण सण आला की कुवेंपुनगरला आमच्याकडेच. लग्नानंतरचा माझा पहिलाच सण होता. त्या स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलत होत्या, मी मागच्या दारी भांडी घासत होते. मध्ये जाळीचं दार. जाळीतून डास येत नाहीत, शब्द येतात!

मुकी नाही हो मी. साताऱ्याची आहे, कमी बोलते एवढंच. आणि कमी बोलणाऱ्याकडे किस्से फार साठतात, कारण बाकीचे बोलून मोकळे होतात. माझे सगळे किस्से जेवणाचे आहेत. म्हणजे, दुसऱ्यांच्या जेवणाचे.

आमच्या घरचा नियम असा, की सणाला पुरुष आधी, बायका मागाहून. आणि पुरणाची पोळी तव्यावरून थेट पानात! गार पोळी पुरुषांना चालत नाही. त्यामुळे ते हात धुवायला उठेपर्यंत तव्यासमोरून आम्हाला हलता येत नाही.

*

त्याच सणाला, युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, मी गुळवणी केली. आमच्याकडे साताऱ्याला पोळीबरोबर लागतेच. गूळ, पाणी, वेलची, सुंठ, वरून थोडं दूध. माझ्या आईची पद्धत.

आत्याबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. "अय्यो, हे काय? गुळाचं पाणी? पायसात डाळ घालायला विसरलीस काय गं?"

पंक्तीत हशा. सासऱ्यांनी मात्र वाट्यांवर वाट्या संपवल्या.

पुढे गौरीला (इकडे ती गणपतीच्या आदल्या दिवशीच असते) शेजारच्या बाई आल्या, तेव्हा आत्याबाई पातेल्याचं झाकण उचलून त्यांना सांगत होत्या, "ही गुळवणी. आमच्या अम्माची पद्धत! घराण्यातच आहे आमच्या."

घराण्यातच आहे! साताऱ्याहून बसनं आलेली गुळवणी, पोचल्या पोचल्या घराण्यात गेली. मी अजून दारात उभी.

*

दुसऱ्या दिवशी गणपती. पहाटेपासून मोदक वळले. पाठ धरली, बोटं भाजली. बाप्पाला ठेवले, मग पंक्ती बसली. सासऱ्यांचे धाकटे भाऊ कडकोळला कारखान्यात नोकरीला आहेत. हे काका खातातही शिफ्ट लावल्यासारखे, एक संपली की दुसरी.

आम्ही बसलो तेव्हा मोदकांचं भांडं रिकामं. सासरे हात पुसत आत आले, भांड्यात बघून म्हणाले, "संपले वाटतं. सारण उरलंय ना स्वल्प? चमच्यानं खा!"

आणि खाल्लं आम्ही. चमच्यानं.

रात्री निखिल, म्हणजे माझा नवरा, अगदी प्रेमानं म्हणाला, "मोदक काय मस्त झाले होते! तुला आवडले?"

*

निखिल वाईट नाही. तो "सपोर्टिव्ह" आहे. दर सणाला आपल्या पानाचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, "आई आणि बायकोच्या हातची जादू!" धडाधड लाइक पडतात.

मला फोन दाखवत म्हणाला, "तू लाइक नाही केलंस?"

केलं. कणकेच्या बोटानं. त्याच्याच स्क्रीनवर. पुसत बसला बिचारा!

*

सासूबाईंच्या वाढदिवसाला आम्ही हॉटेलात गेलो. वेटरनं पहिला मसाला डोसा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो सासऱ्यांकडे सरकवला. दुसरा आला, तो निखिलकडे. तिसरा माझ्याकडे. त्यांचा आला तोवर सासरे घड्याळ बघत होते. "किती वेळ गं? साकु, पुरे आता, कॉफी सांगतो."

परतताना मी हळूच विचारलं, "आई, तव्यावरची गरम पोळी तुम्ही शेवटची कधी खाल्ली होती?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला!

"लग्नाआधी," म्हणाल्या.

तोपर्यंत मला वाटायचं, राग फक्त मला येतो आणि तोही फक्त माझ्यासाठी.

*

मग दसरा. नैवेद्य झाला होता, पण काकांची गाडी दसऱ्याच्या मिरवणुकीच्या गर्दीत अडकलेली. त्यांच्यासाठी पंक्ती थांबली. पुरुष बाहेर टीव्हीवर त्याच मिरवणुकीतले हत्ती बघत बसले.

मी तवा ठेवला. पहिली पोळी टम्म फुगली. केळीचं पान ओट्याखाली जमिनीवर मांडलं, पोळी त्यात टाकली, वर तूप.

"आई, बसा."

"अय्यो, नको गं! पंक्ती व्हायचीय अजून."

"नैवेद्य झालाय. बसा."

बसल्या. काठाकडून तुकडा तोडला आणि त्यावर फुंकर मारली. घासावर फुंकर मारताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात आत्याबाई! मी लाटणं थांबवलं नाही. म्हटलं, आता बोला काय बोलायचंय ते. त्यांनी वहिनीच्या पानाकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, दार आतून लोटलं, स्वतःच एक पान ओढून घेतलं.

"तूप स्वल्प जास्त वाढ," म्हणाल्या.

त्यांच्यामागून मी बसले. गुळवणीसकट, पोट भरेपर्यंत. मग उठले, गॅस बंद केला, तवा नळाखाली धरला.

काका आले. पंक्ती बसली. भात झाला, सार झालं. निखिलनं फोटोसाठी फोन काढून ठेवला.

"हं, पोळी येऊ दे!" सासऱ्यांनी आवाज दिला.

"गरम हं!" काका.

मी पुरणाचं पातेलं आणि एक चमचा घेऊन बाहेर आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पोळ्या संपल्या. पुरण उरलंय स्वल्प. चमच्यानं खा!"