नसलेली साखर

आमच्या घरात साखरेचा आजार कोणालाच नव्हता. तरी स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर जांभळाच्या बियांची पूड आहे, मेथीदाण्यांची पुडी आहे, कडू काढ्याची एक बाटली आहे. सगळं नातेवाइकांनी प्रेमाने आणून दिलेलं. ज्यांच्यासाठी ते आलं ते माझे यजमान मागच्या पावसाळ्यात गेले. या वस्तू मला टाकवत नाहीत आणि त्यांचा उपयोगही नाही.

पन्नाशीनंतर त्यांच्यातून काहीतरी हळूहळू ओसरत गेलं होतं. कचेरीतून आले की खुर्चीत बसत. मांडीवर पुस्तक उघडं असे, पण पान उलटत नसे. मी त्याला वय म्हणत होते, ते थकवा म्हणत होते. जळगावात शक्तीची औषधं झाली. मग कोणीतरी धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, मन कसं असतं ते विचारलं, आणि जे आम्ही कित्येक वर्षं एकमेकांनाही विचारलं नव्हतं तेही अगदी साध्या आवाजात विचारलं. मग म्हणाले, टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. पुरुषाच्या अंगातलं हे द्रव्य सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त सकाळचंच हवं, उपाशीपोटी. कमी निघालं तर थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा, खात्रीसाठी.

इतक्या सकाळी धुळ्याला पोचणं जमणारं नव्हतं. रक्त जळगावात द्यायचं आणि रिपोर्ट घेऊन धुळ्याला जायचं असं ठरलं.

"ओळखीचं कोणी भेटेल," हे म्हणाले.

"भेटलं तर भेटलं," मी म्हणाले.

पहिल्याच सकाळी भेटलं. लॅबच्या बाकावर असोद्याचे नाना बसले होते. नाना म्हणजे ह्यांचे थोरले चुलत भाऊ. केळीचा बाग बघणारे, मोठ्या आवाजाचे, आणि साखरेचे जुने रोगी.

"काय रे भाऊ, तू इथं?"

ह्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. "शुगर बघायचीय."

नाना सरकले, बाकावर जागा केली. "ये, बस. आमच्या पंगतीत आलास म्हण की. आता मांडे विसरायचे. तुझ्या वहिनीला आजच सांगून ठेवतो, अखाजीला तुझं ताट माझ्याच ताटाशेजारी."

हे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार होतो? ह्यांचं रक्त काढून झालं आणि आम्ही निघालो. नानांना खाऊन येऊन पुन्हा रक्त द्यायचं होतं. ते आम्हाला दारापर्यंत सोडायला आले आणि मेथी कशी भिजवायची ते सांगत राहिले.

दोन्ही रिपोर्ट कमी आले. मग मेंदूतल्या ग्रंथीसाठी आणखी रक्त, प्रोस्टेटसाठी आणखी रक्त. दिवाळीच्या सुमारास इंजेक्शन सुरू झालं. या औषधाने रक्त दाट होऊ शकतं, म्हणून दर काही महिन्यांनी जळगावच्या त्याच लॅबमध्ये तपासणी होती, आणि डॉक्टर पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल तेवढंच लिहून देत. औषध आम्ही धुळ्यातच घ्यायचो, कारण जळगावच्या आमच्या मेडिकलवाल्याचं आणि ह्यांचं शाळेतलं बाक एक होतं. धुळ्याचा दुकानदार चिठ्ठीची तारीख बघून शांतपणे परत करी. "चिठ्ठी जुनी शे भाऊ. नवी लई या." मग आम्ही पुन्हा दवाखान्याच्या पायऱ्या चढायचो. ह्यांना त्याचा राग येत नसे. तिथे कोणी आम्हाला ओळखत नव्हतं.

तो एक हिवाळा चांगला गेला. हे मेहरूण तलावापर्यंत चालत जाऊ लागले. मी भाजी निवडत असताना मला वाचून दाखवू लागले. ओट्यावर वांगी भाजली जात असली की आत येऊन विचारत, भरिताला किती वेळ आहे. भूक परत आली होती. आणि नेमकी तेव्हाच, चारचौघांत, त्यांना गोड खायची बंदी होती.

लग्नाकार्यात त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा आधी येई. जिलेबीचं ताट त्यांना टाळून पुढे जाई. "भाऊंना चालत नाही," असं वाढणाऱ्याला कोणीतरी लांबूनच सांगे. घरी मी शिरा करी, खीर करी. पण मांडे मला येत नाहीत. उलट्या खापरावर पुरणाचा तो रुमालाएवढा पापुद्रा टाकायचा हात आमच्या घराण्यात फक्त नानांच्या घरी आहे, वहिनींचा. म्हणजे मांडे जिथे मिळत तिथेच ह्यांना साखर होती.

"साखर उतरली म्हणून सांगा ना," मी एकदा म्हणाले.

"मग डॉक्टरचं नाव विचारतील. अर्धं असोदा धुळ्याला जाईल. तिथं काय सांगू त्यांना, मी कशासाठी येतो?"

बरोबर होतं त्यांचं.

त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही असोद्याला गेलो. नाना आणि हे शेजारी शेजारी बसले, दोघांच्या ताटात भाकरी आणि कारल्याची भाजी. वहिनी आत वळल्या तसे नानांनी पलीकडच्या ताटातून एक मांडा उचलला, अर्धा केला आणि अर्धा ह्यांच्यापुढे धरला.

"घे. कोणी बघत नाही."

"नको नाना. उगाच वाढेल."

"एवढ्यानं काही होत नाही तुला. घे."

ह्यांनी मान हलवली. नाना क्षणभर हात तसाच धरून राहिले, मग तो तुकडाही त्यांनीच खाल्ला आणि वहिनींच्या शिव्याही खाल्ल्या. परतताना बसमध्ये हे म्हणाले, "पुढच्या वर्षी काहीतरी मार्ग काढू."

पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला, आणि चार दिवसांत सगळं संपलं. इंजेक्शनचा याच्याशी संबंध नव्हता, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितलं. बहुधा बायका विचारत असतील.

यंदाच्या अखाजीला नानांच्या घरी पितरांची घागर ह्यांच्या नावाने भरली. शेजारी पान मांडलं. आंब्याचा रस नव्हता, मांडा नव्हता. भाकरी होती, डाळ होती, आणि एका बाजूला कारल्याची भाजी. वहिनींनी आठवणीने केली होती. "भाऊजींना चालत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मला बोलायचं होतं. पण ज्या गोष्टीसाठी ह्यांनी ताटावरचा हात आखडता घेतला होता, ती मी आता ह्यांच्याच पानासमोर कशी सांगणार?

नाना उठले. परातीतला अख्खा मांडा आणून त्यांनी पानावर ठेवला, वर रस वाढला. "त्याला साखर नव्हती."

"तुम्हीच तर सांगत होतात सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या.

"तो सांगत होता. मी ऐकून घेत होतो."

दुपारी ते मला बसपर्यंत सोडायला आले. रस्त्याच्या कडेला, आपणहूनच म्हणाले, "साखरवाल्याचं रक्त दोनदा काढतात. एकदा उपाशी, एकदा खाऊन. हा दर वेळी एकदाच देऊन निघून जायचा. मी दोन-तीनदा बघितलं तिथं." मग म्हणाले, "काय होतं ते मी त्याला विचारलं नाही. तुलाही विचारत नाही."

"म्हणून त्या दिवशी अर्धा दिलात?"

"मग काय तर. साखर असती तर दिला असता का मी?"

बस आली. मी खिडकीशी बसले. नाना जाणतात हे कळलं असतं, तर ह्यांनी त्यांना खरं सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नसतंच सांगितलं. पण तो अर्धा मांडा तरी घेतला असता.