उत्तरेचा उजेड

दम्मामला आमच्या इमारतीच्या मालकाने शेजारच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधायला काढलं, तेही स्कँडिनेव्हियन पद्धतीचं. आर्किटेक्ट साताऱ्याकडचे. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि माझी थालीपिठं हादडत नैसर्गिक प्रकाशावर प्रवचन द्यायचे. "तिकडं काच दक्षिणेला घेतात, वहिनी. इथं मी उत्तरेला घेतलीय, भिंतभर. ऊन नाही, नुसता उजेड!" स्वतः रियाधच्या पुढे कधी गेले नव्हते. उंटावरचा शहाणा नुसता! आमचे हे हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, पण मान अशी डोलवायचे की जणू उद्या आम्हीच बंगला बांधणार.

त्या काचेच्या बरोबर समोर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी होती. घरातल्या बाकीच्या खिडक्या एसीच्या बोळात उघडायच्या, आभाळ दिसायचं ते इथूनच. दिवसभर मी घरात एकटी. भाजी निवडायची तर त्या खिडकीशी, चहा प्यायचा तर तिथेच. माझा सगळा जीव त्या खिडकीत होता.

एका शुक्रवारी ताक पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुमची ही खिडकी बंद करावी लागेल. समोर मालकांच्या घरातल्या बायका बसणार ना. पत्रा ठोकून देतो, छान रंगवून."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"इमारत त्यांचीच आहे हो. शिवाय आमच्या ऑफिसात सौदीकरण चाललंय, बाहेरच्यांना काढतायत. हे घर त्यांना आवडलं, तर माझा इकामा वाढेल."

म्हणजे यांचा इकामा, इथं राहायचा परवाना, माझ्या उजेडावर वाढायचा. आमचे हे ताटात बघत बसले. मला दोघांचीही शिसारी आली.

पत्रा लागला. भरदुपारी दिवा लावून मी कणीक मळू लागले. मालकाचं कुटुंब राहायला आलं आणि आठवड्याच्या आत त्या भिंतभर काचेवर जाड पडदे चढले. रस्त्यापलीकडच्या गच्च्यांवरून तिरकं बघितलं तरी आतलं सगळं दिसतं, हे आमच्या प्रवचनकारांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पडदे पुन्हा कधी उघडले नाहीत. माझा पत्राही निघाला नाही.

आर्किटेक्टांची जागा शेवटी एका सौदी मुलाला मिळाली. ते निरोप घ्यायला आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "फारच अंधारं वाटतं हो इथं, वहिनी. एखादी खिडकी पाहिजे होती."

मी दिवा बंद केला आणि त्यांना तिथेच चहा दिला.