कासवाच्या अंड्यांचा थर्मोस्टॅट

आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. लिंगायत घर. सासूबाई रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. आणि एके दिवशी मी पदरात अंडी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांना भाड्यानं खोल्या हव्यात म्हणून जो तो बांधकाम काढून बसला. आम्हीही काढलं. पावसाळा कोरडा गेलेला, मांजरा नदी ठणठणीत कोरडी, त्यामुळे वाळू उपसणाऱ्यांचं चांगलंच फावलं होतं. अंगणात ओतलेल्या वाळूतच मला ती सापडली. पांढरी, गोल, लिंबाएवढी. नांदेडला बीएस्सी करताना मी अशी अंडी काचेच्या बरणीत पाहिली होती. कासवाची.

"फेकून दे आधी," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, कासवाची हायत. महादेवाच्या देवळात नंदीपुढं असतं की नाही, ते कासव."

त्यांनी माझ्या पदरात डोकावून बघितलं. "मागच्या पडवीत ठेव. माझ्या चुलीकडं आणू नको."

खरं सांगते, लग्न होऊन आल्यापासून माझ्या शिक्षणाला त्या घरात कुणी काडीची किंमत दिली नव्हती. पापड लाटायला बीएस्सी लागत नाही. ही अंडी तेवढी माझी होती. ती जगवायचीच, असा मी हट्ट धरून बसले.

थंडी पडली होती, म्हणजे ऊब हवी. आमच्या ह्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी एका लाकडी खोक्याला आतून थर्माकोल लावून दिलं, पण थर्मोस्टॅटवर आमचं गाडं अडलं. ह्यांचं म्हणणं, गिझरचा लावू, दुकानात पडलाच आहे. आत बल्ब सोडायचा, पेटी तापली की थर्मोस्टॅट तो बंद करील, निवली की चालू.

"तो एकदम भडकतो आणि एकदम गार पडतो," मी म्हणाले. "अंडी जगवायची हायत, भजी तळायची न्हाईत."

मला हवी होती शोभेच्या माशांच्या टाकीत पाणी तापवायला लावतात ती, आतच थर्मोस्टॅट असलेली काचेची नळी. ती पाण्यात उभी करायची, पाणी एकसारखं कोमट राहतं, आणि अंडी वर विटांवर. लाईट गेली तरी पाणी लवकर निवत नाही.

"पाणी?" हे म्हणाले. "इथं प्यायला टँकर, अन् तू कासवाला पाणी द्यायलीस?"

बरोबरच होतं त्यांचं. तरी मी बोलणं टाकलं, जेवायला वाढताना भांडी आपटली. शेवटी माल आणायला हैदराबादला गेले तेव्हा तोंड वाकडं करून नळी घेऊन आले.

पाण्याची सोय मात्र सासूबाईंनी केली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लिंगावरून ओघळलेलं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नसतं. ते त्या अंगणातल्या बेलाला घालायच्या. एक दिवस तांब्या घेऊन पडवीत आल्या.

"बेल तर वाळला. ह्यात घालू का?"

मी झाकण उघडलं. एवढंच बजावलं, "नळी उघडी पडू द्यायची न्हाई बरं का. पाण्याबाहेर तापली की वाया जाते." मग तो त्यांचा नेमच झाला. पाणी घालायच्या, वाकून बघायच्या, "हालतंय का गं?" विचारायच्या.

पुढं टँकर येईना. पूजा पळीभर पाण्यात उरकू लागली, पेटीतलं पाणी खाली खाली गेलं. टँकर आल्याचा गलका झाला तशी मी घागर घेऊन पळाले. मागं सासूबाईंनी झाकण काढलं. नळी उघडी पडलेली. स्वतःला प्यायला झाकून ठेवलेला तांब्या त्यांनी आणला आणि ते गार पाणी तापलेल्या काचेवर ओतलं. नळी तडकली, फ्यूज उडाला. मी परत आले तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मी पाणीच घातलं गं," एवढंच म्हणत होत्या.

मला असा संताप आला होता की काय सांगू. पण काढायचा कुणावर? तो रिकामा तांब्या बघितला आणि घागरीतून भरून त्यांच्यापुढं ठेवला.

संध्याकाळी ह्यांनी गिझरचा थर्मोस्टॅट बसवला. दुसरं होतंच काय? सकाळी मी खोक्यात हात घातला तर चटका बसला. मला कळायचं ते कळलं. तरी झाकण लावलं आणि सासूबाईंना म्हणाले, "ठीक हायत."

त्या रोज येऊन बघत राहिल्या. हालतंय का, हे विचारायचं मात्र त्यांनी सोडलं. आणि मग वास सुटला. त्या घरात, तसला वास. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घालून बसले. सासूबाईंनी पेटीजवळ उदबत्ती लावली आणि म्हणाल्या, "चल, खुरपं घे."

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात. अंगाला भस्म लावून. बेलाच्या आळ्यात मी खड्डा केला. सासूबाईंनी एकेक अंडं उचललं, लिंग घेतात त्याच तळहातावर ठेवलं, भस्माची तीन बोटं ओढली आणि खड्ड्यात ठेवलं.

"आत्याबाई, अंडी हायत ती," मी म्हणाले. "फेकून आले असते मी."

"घरातली हायत," त्या म्हणाल्या. "फेकती कशी?"

मी तिथंच मोठ्यानं रडले. माती देऊन आल्यावर अंघोळ करायची असते. घरात तेवढं पाणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघी तशाच मातीच्या हातांनी बेलापाशी बसून राहिलो.