मिठातला स्क्रू

माझी थोरली बहीण गिरजाबाई, आमची बाय, पेणच्या खाडीकडच्या मिठागरात तीस वर्षं राबली. मी सखा, तिचा धाकटा भाऊ. रोह्याला राहतो, धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करतो, आणि माझं डोकं पटकन तापतं. नागोठण्याजवळ माझ्याच स्कूटरवरून ती पडली. मला खरचटलंसुद्धा नाही, याचाच मला राग येतो.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कमरेच्या हाडाचं कडं पुढून आणि मागून तुटलंय. बाहेरून लावलेल्या सळ्या पुढची बाजू धरतात, मागची नाही. म्हणून आतून पट्टी आणि स्क्रू बसवायचे, तेही याच आठवड्यात. उशीर झाला तर हाड वाकडं जुळेल, धड चालता येणार नाही.

"नाय," बाय म्हणाली. "बाहेरच्या सळ्याच ऱ्हाऊ दे. घाम खारट, रगत खारट. मिठात लोखंड टिकतंय व्हय? मिठागराच्या फाटकाचे खिळे वर्षात सडतात."

"अगो बाय, तू काय फाटक हायस?" मी ओरडलो.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नमुन्याचा एक स्क्रू तिच्या हातात ठेवून म्हणाल्या, हा गंजत नाही. बायने तो मलाच दिला. "मिठागराचं पाणी आण. चार दिवस बुडवून बघू."

झालं! मी पाणी आणलं, स्क्रू बरणीत बुडवला आणि बरणी वॉर्डाबाहेरच्या खिडकीत ठेवली. शिफ्ट सुटली की मी रोह्याहून पेणला पळायचो, आधी बरणी बघायचो, मग बायला. तिसऱ्या दिवशी पाणी तांबूस! नीट पाहिलं तर बरणीचं पत्र्याचं झाकण गंजलं होतं, स्क्रू लख्ख होता. पण बायला कोण पटवणार? मी पाणी ओतलं, नळाचं भरलं, कँटीनमधलं मूठभर मीठ ढवळलं.

चौथ्या दिवशी बायने बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे आपलं पाणी नाय. पुडीचं मीठ हाय."

"झाकण गंजलं गो, स्क्रू नाय!" मी किंचाळलोच. "तुला पटलं नसतं! हाड वाकडं जुळलं तर मी काय करू?" आणि सगळ्या वॉर्डासमोर मला रडू कोसळलं.



"आण तो सहीचा कागद," बाय म्हणाली. "पण आधी माझ्याकडं बघ, सखा. पडल्यापासून एकदापण माझ्या तोंडाकडं बघितलं नायस तू."