भज्यांच्या तेलावरची जीप

माझ्या साडूंच्या जीपमध्ये बसून मी अजून जिवंत आहे, देव असल्याचा याहून मोठा पुरावा मला नको. नाशिकच्या इंदिरानगरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा गृहस्थ फरसाणवाल्यांकडून आणलेलं जळकं तेल गाळतो, त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून घुसळतो आणि बायोडिझेल करतो. त्या शेडमध्ये उदबत्ती लावायचीही माझी छाती होणार नाही. साडू तिथे निवांत पेपर वाचतात. पाहुणा आला की चहाआधी त्याला जीपपाशी न्यायचं, गाडी चालू करायची, सायलेन्सरवर पांढरा रुमाल धरायचा आणि तो पाहुण्याच्या नाकापुढे नाचवायचा. "बघा, आहे काजळी? या इंधनातच ऑक्सिजन असतो हो, नीट जळतं. चढावर ताकद जरा कमी पडते, एवढंच." ते 'एवढंच' ऐकलं की मी मनात वाटेतले चढ मोजायला लागतो. गाडी निघाली की गल्लीभर भजी तळल्याचा वास सुटतो आणि कुत्री भुंकायचं सोडून आशेनं मागे येतात. कधी नळ्यांचं रबर मऊ पडतं, कधी टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो आणि भर चौकात जीप बसते. मागचे शिव्या घालतात, मी घामाघूम होतो, आणि साडू म्हणतात, "काही होत नाही हो!"

एवढा खटाटोप माझ्या मेव्हणीसाठी होता. तिला, आमच्या ताईला, दमा आहे. जीपच्या डिझेलच्या धुरानं एकदा ती दारातच गुदमरली आणि त्याच आठवड्यात ती शेड उभी राहिली. साडू हे बोलून दाखवत नाहीत, रुमाल दाखवतात.

गेल्या हिवाळ्यात मालेगावहून लग्न आटोपून आम्ही तिघं पहाटे नाशिकला निघालो. थंडी अशी की दात वाजत होते. राहुड घाटाच्या चढावर जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. टाकीतलं इंधन तुपासारखं थिजलं होतं. शेजारून एकेक ट्रक काळा धूर ओकत चढत होता आणि मागच्या सीटवर ताईची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. तिनं दम्याचा पंप मारला, तरी धाप बसेना. तिचे ओठ निळसर दिसले. साडूंनी बॉनेट उघडलं, तोच रुमाल ताईच्या नाकाशी धरला आणि माझ्याकडे वळून लहान आवाजात विचारलं, "साडू, काही होणार नाही ना?"

अहो, जन्मभर घाबरायचं काम माझं! मी काय सांगणार? "काही होत नाही," म्हणालो आणि वरच्या चहाच्या टपरीकडे धावत सुटलो. टपरीवाल्या बाईनं काही न विचारता उकळती किटली हातात दिली. "गरम पानी शे भाऊ, ली जा!" फिल्टरवर, नळीवर पाणी ओतलं. किल्ली फिरवली, नाही. पुन्हा फिरवली, घरघर झाली आणि जीप चालू झाली. ती थेट नाशिकच्या दवाखान्याच्या दारातच थांबवली.

ताई वाचली. आता फारशी बाहेर पडत नाही. थंडीत साडू टाकीत पंपावरचं डिझेल जास्त घालतात, तेल उन्हाळ्यासाठी ठेवतात. रुमाल अजून खिशात असतो, पण पाहुण्यांना दाखवत नाहीत. 'काही होत नाही'ही म्हणत नाहीत, आणि मला त्या जीपपेक्षा या न म्हणण्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून हल्ली जीपमध्ये बसल्याबसल्या मीच म्हणतो, "काही होत नाही हो." ते क्षणभर माझ्याकडे बघतात आणि मग किल्ली फिरवतात.