लगद्याची फुलदाणी

जळो मेलं ते गोल मेज! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. आमचे हे बुलढाण्याच्या कचेरीत कारकून, आणि आळीत सगळी कचेरीतल्याच लोकांची बिऱ्हाडं. नागपूरचा एखादा मोठा साहेब बदलून आला, की त्याच्या बंगल्यात जे दिसेल ते महिन्याभरात आमच्या घरोघरी. त्या वर्षी गोल मेजाची लाट होती. मेजावर विणलेला रुमाल, रुमालावर चिनी मातीची फुलदाणी. कुणाला ते आवडतं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.

मी सोनाळ्याची, खेड्यातली. हाताला कला एकच, लगद्याची. रद्दी कागद भिजत घालायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या, उखळात कुटायचा आणि उपड्या भांड्यावर थापून वाळवायचा, की झाली टोपली. गेरू, हळद, नीळ घेऊन मी त्यावर मनाला येईल ते काढत असे. ज्वारीची कणसं, खारी, एकीवर तर आमची वाकड्या शिंगाची म्हैस. लग्नात त्या सगळ्या टोपल्या माझ्याबरोबर आल्या. पण बुलढाण्याला पाऊल ठेवलं आणि मी त्या आतल्या खोलीत बाजेखाली सारल्या, वरून चादर सोडली. ‘मले-तुले’ तोंडातून गेलं की बायका एकमेकींकडे बघत. मला त्यांच्यात बसायचं होतं हो, दुसरं काही नको होतं. मग म्हैस कशी दाखवू?

चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याकडे ठरलं. मेज आलं, रुमाल मी विणला, पण चिनी मातीची फुलदाणी गावात मिळेना. तेव्हा मी काय करावं? लगद्याचीच केली! तांब्यावर थापली, वाळल्यावर उभी चिरून काढली, पुन्हा खळीने चिकटवली. खडूची पूड आणि डिंक लावून पांढरीशुभ्र केली, गळ्याशी निळीचा पट्टा ओढला. लांबून थेट चिनी माती. आत कागदाची फुलं ठेवली आणि स्वतःवरच खूश झाले. अक्कल गहाण म्हणतात ती हीच.

माझी आई चैत्रासाठी राहायला आली होती. ती मेजाकडे पाहून म्हणाली, “एवढं चांगलं करतं तू, अन् हे काऊन पांढरं फटक केलं वं? म्हातारीच्या लुगड्यावाणी दिसते.” मी तिला गप्प बसवलं.

बायका आल्या. आंबेडाळ झाली, पन्हं झालं. बंगल्यातल्या मुन्सफसाहेबांच्या बाई बागेतले गुलाब घेऊन आल्या होत्या. “अय्या, कागदाची फुलं कशाला?” म्हणून त्यांनी ती काढली, गुलाब खोचले आणि शेजारच्या तांब्यातलं पाणी आपल्या हाताने आत ओतलं. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. पण म्हणणार काय? ती कागदाची आहे म्हणून सांगू?

आधी मेथ्यांचा वास सुटला. एकीने नाक मुरडलं. मग रुमालावर निळा ओघळ आला, फुलदाणी एका कुशीवर कलली आणि बघता बघता बसली. गुलाब मुन्सफीणबाईंच्या मांडीवर. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी मला लाज वाटली.

आणि आई! लेकीची अब्रू जाते आहे म्हणून ती माउली आत धावली आणि बाजेखालच्या टोपल्या कवळा भरून बाहेर घेऊन आली. “हे पाहा बाई, हे माह्या लेकीच्या हातचं आहे! ते मेलं पांढरं पाहू नका.” मला वाटलं, धरणी दुभंगावी.

मुन्सफीणबाईंनी म्हशीची टोपली उचलली. फिरवून पाहिली. “किती मजबूत हो!” म्हणाल्या, “मला द्याल ही? आमच्या कोळशाच्या खोलीत एकही टोपली टिकत नाही.” दुसरीला मोलकरणीच्या भाकरींसाठी हवी होती. तिसरीला चुलीशी गोवऱ्या ठेवायला. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, अगदी मनापासून मागत होत्या. मी एकेक टोपली पुसून त्यांच्या हातात दिली. आई दाराशी उभी राहून नुसती फुलत होती.

पुढे दिवाळीला मी माहेरी गेले. आईने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. ओसरीवर शेजारची म्हातारी आली, माझा हात धरून म्हणाली, “तुह्या टोपल्या सायबाच्या बंगल्यात गेल्या म्हंते! कुठी ठेवल्या वं त्याइनं?”

मी उत्तर द्यायच्या आधी आईच बोलली, “मंग! बैठकीतच ठेवल्या असतीन. हो ना वं?”

तिचा चेहरा मी पाहिला.

“हाव,” म्हटलं. “मेजावर.”