पांढऱ्या रेघेच्या मागे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मित्रांजवळ नाही, मुलीजवळ नाही. माझ्या बायकोजवळ, शैलाजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं होतं ते तिलाच. आता ती नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी सिंगापूरला, सेम्बावांगला राहतो, एकटाच. सकाळी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांवर जातो. तिथला कॉफीवाला अंकल मला बघितलं की न विचारता कोपी-ओ, बिनदुधाची कॉफी, ओततो. म्हणजे तेवढंही बोलावं लागत नाही. मग दिवसभर घर. या शांततेत माणूस स्वतःशी फार बोलतो. आणि मी बोलायला लागलो की फिरून फिरून त्याच कालव्यावर येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तीस वर्षं बोटीवर होतो, हे खरं. मोठ्या मालवाहू बोटी, आणि शेवटी चीफ इंजिनिअर. पण इंजिनिअर म्हणजे तळाचा माणूस. आम्हाला समुद्र दिसतो तो जेवणाच्या सुट्टीत. बोट चालवतात ते वरचे, ब्रिजवरचे लोक. मी उभ्या जन्मात सुकाणूला हात लावला नव्हता. किनाऱ्यावरच्या माणसांना हा फरक कळत नाही. बोटीवर असतो म्हणजे बोट चालवतो, असं त्यांना वाटतं. मी कधी दुरुस्त केलं का? छे! उलट मिरवलं.

आणि मी बोटीवर असताना इकडे काय चाललं होतं? शैला सगळं ओढत होती. साताऱ्याची मुलगी, सिंगापूरला आली तेव्हा इंग्रजी बोलताना अडखळायची. मी अटलांटिकमध्ये असताना तिने एकटीने एक फ्लॅट सोडून दुसरा लावला. आमच्या मुलीची, केतकीची पीएसएलई म्हणजे सहावीची परीक्षा, तिचं डेंग्यूचं दुखणं, छताची गळती — मला सगळं निस्तरून झाल्यावर कळायचं. फोनवर म्हणायची, "झालं सगळं, तुम्ही काळजी करू नका." हे लक्षात ठेवा. ती कशी होती, हे लक्षात ठेवा.

मी निवृत्त झालो तेव्हा तिने एकच मागितलं. आयुष्यभर तुम्हाला बोटीवर पोचवायला आले, एकदा तुमच्याबरोबर बोटीतून जाऊ. इंग्लंडमध्ये कालव्यावर नॅरोबोट भाड्याने मिळते, हे तिनेच शोधून काढलं. सात फूट रुंद आणि साठ फूट लांब, आगगाडीच्या डब्यासारखी बोट. आत पलंग, शेगडी, सगळं. लायसन्स लागत नाही. नवख्यांना तासभर शिकवतात आणि आठवडाभर हातात देतात.

शिकवायला आलेला माणूस साठीचा होता, हळू बोलणारा. त्याने विचारलं, पूर्वी कधी बोट चालवली आहे का? शैला इतक्या अभिमानाने म्हणाली — मिस्टर चीफ इंजिनिअर, थर्टी इयर्स! मी काय करायला हवं होतं? 'नाही, मी नवखाच आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी हसलो. आणि तो लॉकबद्दल सांगायला लागला तेव्हा चक्क इंजिन बघायला आत गेलो.

शैला ऐकत राहिली. तिच्या पर्समध्ये छोटी वही असायची, तीत तिने सगळं लिहून घेतलं.

लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक अरुंद, खोल हौद. खाली उतरायचं असेल तर बोट हौदात घ्यायची, वरचा दरवाजा लावायचा, मग एकाने काठावर जाऊन लोखंडी किल्लीने खालच्या दरवाज्याची झडप उघडायची. पाणी निघून जातं, बोट खाली जाते. धोका एकच. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी भरलेलं असताना दिसत नाही, उतरल्यावर वर येतो. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं, तर पुढचं टोक खाली जात राहतं आणि बोट कलते, बुडतेसुद्धा. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते. बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची. सुकाणूवरच्या माणसाला हे एवढंच काम. किल्ली फिरवणाऱ्याचं काम वेगळं.

सुकाणूवर अर्थात मी.

तिसऱ्या दिवशीची सकाळ. शैला काठावर, किल्ली लावून उभी. तिने वाकून विचारलं, "अहो, रेघ दिसतेय ना?" मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." ती हसली आणि झडप उघडायला लागली.

आणि मला इंजिनाचा आवाज वेगळा वाटला. किंचित, एक ठोका चुकल्यासारखा. तीस वर्षांची सवय! आवाज बदलला की पाय आपोआप तिकडे वळतात. मी गिअर काढला, सुकाणूचा दांडा सोडला आणि दोन पायऱ्या उतरून आत गेलो, इंजिनाच्या पेटीपाशी. कुणाला सांगितलं नाही. कोण होतं सांगायला? एक शैला होती, आणि तिची माझ्याकडे पाठ होती. मी मागे आहे, मी बघतोय, या भरवशावर ती किल्ली फिरवत होती.

बोट कधी मागे सरकली, मला कळलंच नाही. आधी घासल्याचा आवाज आला. मग पायाखालची जमीन तिरपी झाली, कपाटातल्या बश्या फुटल्याचं ऐकू आलं आणि मी घसरत जाऊन भिंतीवर आदळलो. दाराकडे चढता येईना. खरं सांगतो, मला वाटलं संपलं सगळं.

वाचवलं तिने. कुत्रं घेऊन निघालेली एक बाई ओरडली, तेव्हा शैलाने वळून पाहिलं. तिने आधी खालची झडप पाडली. मग त्या गुळगुळीत दगडांवरून धावत वरच्या दरवाज्याशी जाऊन तिथली झडप उघडली, पाणी पुन्हा भरून घेतलं. वहीत लिहिलं होतं तसंच. मी जो धडा ऐकला नव्हता, त्यातला शब्दन्‌शब्द तिने पाळला. बोट सरळ झाली.

मी बाहेर आलो तेव्हा ती काठावर किल्ली धरून उभी होती. कोपर रक्ताळलं होतं. तिने विचारलं, "काय झालं हो?"

तेव्हा मी म्हणालो — अजूनही हे लिहिताना हात अडतो — मी म्हणालो, "मी थांब, थांब ओरडत होतो. तुझं लक्ष कुठे होतं?"

मी ओरडलो नव्हतो. मी तिथे नव्हतोच.

पाण्याचा आवाज एवढा होता की खरोखर ओरडलो असतो तरी कदाचित ऐकू गेलं नसतं. पण तिने ते कारणही पुढे केलं नाही. "मला ऐकूच आलं नाही हो," म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माफ केल्यासारखा!

उरलेले चार दिवस ती किल्लीचा एक फेरा फिरवायची आणि मागे वळून बघायची. पुन्हा एक फेरा, पुन्हा मागे. मी दांडा धरून अंगठा वर करायचो.

वाटलं, हे तिथेच, कालव्यावर राहील. पण परत आल्यावर गणपतीत कुणीतरी ट्रिपचं विचारलं आणि मी किस्सा रंगवून सांगितला. आमच्या हिने बोट बुडवलीच होती! लोक हसले. शैलाही हसली. मग दर वर्षी कुणीतरी आठवण काढायचं, मी दर वर्षी सांगायचो आणि बश्यांची संख्या वाढवायचो. तिचं हसणं कमी होत गेलं. घराबाहेर पडताना म्हणायची, "गॅस बंद केलाय, पण तुम्ही एकदा बघा." कुलूप लावलं तरी, "तुम्ही एकदा ओढून बघा." वयाचा परिणाम, असं मी मुलीला सांगितलं.

मग इरा झाली, आमची नात. केतकी चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेत. रजा संपत आली तेव्हा ती आमच्याकडे आली, बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, दिवसा तू सांभाळशील ना?" शैला याच दिवसाची वाट बघत होती, हे मला माहीत होतं. तिने दुपटी शिवून ठेवली होती. ती म्हणाली, "मला एकटीला नको देऊस. माझं लक्ष राहत नाही. बोटीवर काय झालं, ठाऊक आहे ना?"

केतकीला वाटलं, आईला जबाबदारी नको आहे. तिचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

एक वाक्य पुरलं असतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "तिला नको असेल तर आग्रह कशाला?"

इरा इन्फंट केअरला, पाळणाघरात गेली. रविवारी आली की शैला तिला घ्यायची, पण खोलीत दुसरं कुणी असेल तरच. मी उठून स्वयंपाकघरात गेलो तरी म्हणायची, "अहो, जाऊ नका ना." केतकीचं येणं हळूहळू कमी झालं. तीन वर्षांपूर्वी शैला गेली. तेव्हा आम्ही बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, ती शुद्धीवर होती, बोलत होती. बारा दिवस मला रिकामेच होते. मी तिला पेपर वाचून दाखवत राहिलो.

गेल्या रविवारी केतकी इराला तासाभरासाठी माझ्याकडे सोडून गेली. इरा आता सात वर्षांची आहे. शाळेत घरातली गोष्ट सांगायची होती, म्हणून ती चित्र काढत बसली. तिरपी बोट, फुटलेल्या बश्या, काठावर लांब वेणीची आजी, तोंड उघडं टाकून हसणारी. आणि मागे मी, दांडा धरून, एक हात वर करून ओरडणारा. तिने मान वर न करताच विचारलं, "आजोबा, आजीने बोट ऑलमोस्ट सिंक केली, मम्मी सेड. ट्रू ऑर नॉट?"

घरात आम्ही दोघंच होतो.

"ट्रू," मी म्हणालो. आणि म्हणालो, दांडा जरा लांब काढ.

तिने तो लांब काढला. शाळेत दाखवून झालं की माझ्या फ्रिजवर लावायला ते चित्र ती घेऊन येणार आहे.